चार-दहाचा गिअर आणि पाळकसाहेबांचा सूर

गाडीच्या मागच्या अ‍ॅक्सलमध्ये कुठला गिअर घालावा, हे मला कुणी शिकवू नये. हे मी गर्वाने म्हणत नाही. गर्व आमच्या चर्चमध्ये पाप आहे आणि मी तिथला डीकन, म्हणजे पाळकांच्या हाताखालचा सेवक आहे. मी फक्त वस्तुस्थिती सांगतो. फ्लिंट शहराजवळच्या अ‍ॅक्सलच्या कारखान्यात माझी हयात गेली. इतरांना नातवंडांचे चेहरे ओळखू येतात, मला गिअरचे दाते ओळखू येतात. डोळे मिटून नुसतं बोट फिरवलं तरी हे दातेरी कडं कुठल्या गाडीच्या पोटात जाणार ते मी सांगतो. या विद्येचा संसारात काडीइतका उपयोग नाही, असं माझी बायको ओडेसा म्हणते. पण उंचावरचा डबा काढून देण्यापलीकडे नवऱ्याचा काही उपयोग असतो हेच तिला मान्य नाही, त्यामुळे तिचं मी मनावर घेत नाही.

माझ्याकडे सत्तर सालची शेव्हेल आहे. पिवळीधमक, बॉनेटवर दोन काळे पट्टे, आणि आत आठ सिलिंडरचं असं इंजिन की ते चालू झालं की शेजारच्या घरातली कपाटं आपोआप उघडतात. मी घेतली तेव्हा तिच्यात दोन-त्र्याहत्तरचा गिअर होता. म्हणजे चाक एकदा फिरायला इंजिनाला पावणेतीन वेळा फिरावं लागायचं. आकडा जितका लहान, तितकी गाडी हमरस्त्यावर शांत आणि सिग्नलवरून निघायला आळशी. आकडा जितका मोठा, तितकी ती जागेवरून गोळीसारखी सुटते आणि हमरस्त्यावर बोंबलते. एवढंच शास्त्र आहे. एवढ्याशा शास्त्रावरून आमच्या गावात ठरलेली लग्नं मोडली आहेत.

दोन-त्र्याहत्तरची माझी गाडी शांत होती म्हणूनच पाळकसाहेबांना बाहेरगावी नेण्याचा मान माझ्याकडे होता. आमचे पाळक रेव्हरंड थॅडियस मॅकॅल्पिन उपदेश बोलत सुरू करतात आणि गात संपवतात. आधी कोर्टात साक्ष दिल्यासारखे सावकाश, एकेक शब्द ठेवत. मग एखाद्या शब्दाला हलकासा हेल येतो. मग त्या हेलाला दुसरा हेल येऊन मिळतो. तेवढ्यात ऑर्गनवर बसलेली सिस्टर व्हर्नेल हळूच मागून येते, त्यांचा सूर पकडते, आणि मग ते वाक्य टाकतात, ती झेलते, ती टाकते, ते झेलतात, आणि मधे आम्ही सगळे उभे. मी रडतो. दर रविवारी रडतो. ओडेसा माझ्या खिशात दोन रुमाल घालते. एक माझ्यासाठी आणि एक माझ्या शेजारी बसणाऱ्या अभाग्यासाठी.

तर बाहेरगावी उपदेश असला की पाळकसाहेब माझ्या शेजारच्या सीटवर बसून तो मनाशी घोळवायचे. अगदी हलक्या आवाजात, अर्धं बोलत, अर्धं गुणगुणत. म्हणजे देवाच्या खालोखाल तो उपदेश पहिल्यांदा मला ऐकायला मिळायचा. पृथ्वीवर याहून मोठं सुख मला ठाऊक नाही. आणि हे सुख मी स्वतःच्या हाताने, पाना घेऊन, एकेक बोल्ट सोडवून घालवलं. ते कसं, ते सांगतो.

आमच्याकडे दुसरे एक डीकन आहेत, हॅस्किन. देव त्यांचं भलं करो, आणि जमल्यास दुसऱ्या गावात करो. त्यांच्याकडे सात माणसांची फॅमिली व्हॅन आहे, आजारी माणसाच्या जिभेच्या रंगाची. एका रविवारी उपासना सुटल्यावर सिग्नलला मी उभा होतो आणि शेजारी त्यांची व्हॅन येऊन थांबली. आत गायनमंडळातल्या चार बायका आणि त्यांच्या चार हॅट. त्यातली एक हॅट तर स्वतंत्र सीटवर बसते.

दिवा हिरवा झाला. मी पेडल दाबलं. माझ्या इंजिनाने घसा खाकरला, इकडेतिकडे पाहिलं, निघावं की नाही याचा विचार केला, आणि तोवर व्हॅन पुढच्या चौकात पोचली होती. बायका मागे वळून हात हलवत होत्या. त्यांच्या मनात काही नव्हतं, हे मला माहीत आहे. तेच जास्त लागलं.

पुढच्या सिग्नलला हॅस्किननी काच खाली केली. "काय डीकन बीझली, मयताबरोबर चाललायत का? पुढची गाडी दिसत नाहीये."

"मला घाई नव्हती," मी म्हणालो.

"ते दिसलंच. आवाज मात्र घाईचा होता हं."

त्या शनिवारी चर्चच्या तळघरात पुरुषांची न्याहारी होती. मक्याची खीर, सॉसेज, बिस्किटं, आणि एकजात सगळे अ‍ॅक्सलच्या कारखान्यातून निवृत्त झालेले. बाहेरच्या जगात माणसं देवावरून भांडतात, आम्ही दात्यांच्या आकड्यावरून भांडतो. ज्याने जो आकडा हयातभर घडवला, तोच मोक्षाचा मार्ग. मी सहज म्हणून विषय काढला आणि पाच मिनिटांत खिरीचे चमचे हवेत गेले. तीन-आठची माणसं एका टेबलावर, तीन-त्र्याहत्तरची दुसऱ्यावर. दोन टेबलांमध्ये मीठ मागायचंही बंद झालं.

हॅस्किन तीन-पंचावन्नच्या लाइनवर होते. त्यांनी तोंड पुसलं आणि म्हणाले, "लूशस, माझं ऐक. तीन-पंचावन्न घाल. ना फार गरम, ना फार थंड. समजूतदार माणसाचा गिअर आहे."

झालं. त्यानंतर मला समजूतदार राहणं शक्यच नव्हतं.

पाळकसाहेब कोपऱ्यात बिस्किटाला लोणी लावत होते. ते म्हणाले, "डीकन, मला यातलं कळत नाही. पण आपली गाडी आहे तशीच मला आवडते. तिच्यात बसलं की पाळण्यात बसल्यासारखं वाटतं."

पाळणा. माझ्या आठ सिलिंडरच्या गाडीला पाळणा. सगळं तळघर हसलं, आणि मी तिथल्या तिथे चार-दहा ठरवला, त्या सगळ्यांहून मोठा आकडा.

दुसऱ्या रविवारी पाळकसाहेबांनी हट्टावर उपदेश केला. फार सुंदर झाला. मी हॅस्किनकडे पाहत पाहत रडलो, म्हटलं, आता तरी यांना कळेल.

चार-दहा बसवायला घेतला तेव्हा ओडेसा गॅरेजच्या दारात येऊन उभी राहिली.

"हे बसवल्यावर गाडी काय करेल?"

"जागेवरून उडेल."

"कुठे जायला?"

"सिग्नलपर्यंत."

"आणि तिथे?"

"तिथे थांबेल."

ती घरात गेली आणि आतून भांड्यांचा आवाज आला. बायका जेव्हा बोलत नाहीत तेव्हा भांडी बोलतात.

पण खोटं कशाला सांगू, गिअर बसवल्यानंतरच्या रविवारी मजा आली. तोच सिग्नल, तीच व्हॅन, त्याच हॅट. दिवा हिरवा झाला आणि मी पेडल दाबलं. पुढचं मला सलग आठवत नाही. आधी किंकाळी ऐकू आली, ती टायरची होती. मग दुसरी ऐकू आली, ती ओडेसाची होती. मी पुढच्या चौकात होतो आणि हॅस्किन आरशात तिळाएवढे झाले होते. चर्चच्या जेवणासाठी ओडेसाने मागच्या सीटवर परातभर पीच कॉब्लर, म्हणजे रसाळ पीचचा गोड पदार्थ, ठेवला होता. गाडी पुढे गेली, कॉब्लर आपल्या जागीच राहिला. म्हणजे रस्त्याच्या हिशेबाने जागीच. गाडीच्या हिशेबाने तो मागच्या काचेवर होता.

हॅस्किन सावकाश शेजारी येऊन थांबले. काच खाली केली. "जिंकलात डीकन. मागे थोडा पीच लागलाय."

ओडेसा माझ्याशी बुधवारपर्यंत बोलली नाही. पण मी जिंकलो होतो.

आता मुख्य प्रसंगाकडे येतो. डेट्रॉइटच्या एका मोठ्या चर्चचा वर्धापनदिन होता, दुपारी तीनची उपासना. तिथले म्हातारे पाळक रेव्हरंड गिल्यार्ड हे आमच्या पाळकसाहेबांचे गुरू. गाता उपदेश त्यांनीच शिकवला. पण शिष्याला "बरं झालं" असं आयुष्यात एकदाही म्हटलं नाही. आता वय झालं होतं, नव्वदीला टेकले होते, आणि त्यांनी मुद्दाम निरोप पाठवला होता की या वर्षी थॅडियसने उपदेश करावा. पाळकसाहेब महिनाभर धड जेवले नव्हते. आणि मी? मी त्या महिन्यात दिवस मोजत होतो, कारण तासाभराचा रस्ता होता आणि सबंध तासभर तो उपदेश मी एकटा ऐकणार होतो.

गायनमंडळ आणि सिस्टर व्हर्नेल बसने गेले. पाळकीणबाई हॅस्किनच्या व्हॅनमध्ये बसल्या. पाळकसाहेब माझ्या शेजारी बसले, कोटाचं बटण सोडलं, डोळे मिटले. मी गाडी हमरस्त्यावर घेतली आणि काटा सत्तर मैलांवर आणला. काटा एकदा सत्तरवर ठेवला की तो डेट्रॉइटपर्यंत केसभर हलत नाही, असं माझं नाव आहे.

आणि सत्तरवर चार-दहाने तोंड उघडलं.

तुम्ही कधी मधमाश्यांच्या पोळ्यात डोकं घातलंय? मीही नाही, पण आता घालायची गरज उरलेली नाही. एकच आवाज, सलग, जाड, वरखाली न होणारा. सीटमधून पाठीत, पाठीतून दातांत. पाळकसाहेबांनी डोळे उघडले.

"डीकन," ते ओरडले, "गाडी आजारी आहे का?"

"नाही साहेब. ठणठणीत आहे."

"मग ओरडते का?"

"ताकद आहे साहेब."

"माझ्या सासूबाईंच्या बहिणीतही होती," पाळकसाहेब ओरडले. "आम्ही त्यांच्याकडे जायचं सोडून दिलं."

थोड्या वेळाने त्यांचे ओठ हलू लागले. उपदेश सुरू झाला होता. मी कान पुढे केला, मान वाकवली, जवळजवळ त्यांच्या मांडीवर डोकं ठेवलं, पण एक अक्षर ऐकू येईल तर शपथ. वीतभर अंतरावर माझा जन्माचा आनंद चालला होता आणि मला नुसते ओठ दिसत होते. तरी मी अंदाजाने "आमेन" म्हणत राहिलो. एकदा ते माझ्याकडे वळून काहीतरी म्हणाले आणि मी मनापासून "आमेन" म्हणालो. मग त्यांनी स्वतःच हात लांबवून माझ्या बाजूची काच वर केली.

शेवटी त्यांनी नाद सोडला. डोळे मिटले आणि त्या घरघरीबरोबर नुसते गुणगुणत बसले. एकच सूर, गाडीचाच, लांबच लांब. फ्लिंटपासून डेट्रॉइटपर्यंत. मला वाटलं, चला, निदान त्यांना आवडायला तरी लागलं.

चर्च खच्चून भरलं होतं. पांढरे हातमोजे घातलेल्या सेविका माणसांना बाकांवर दाबून बसवत होत्या. समोरच्या खुर्चीत रेव्हरंड गिल्यार्ड काठीवर हनुवटी टेकून, डोळे मिटून. त्यांच्या चर्चने नुकताच नवा ऑर्गन घेतला होता आणि तो मांडणाऱ्या कारभाऱ्यांचे चेहरे घरी जुळी मुलं झाल्यासारखे होते.

पाळकसाहेब उठले. विषय वादळात सापडलेल्या नावेचा. सुरुवात सुरेख झाली. नाव पाण्यात घातली, ढग आणले, वारा सोडला. "बोला, साहेब," मागून कुणीतरी म्हणालं. मग पहिला हेल आला. सिस्टर व्हर्नेलने बोटं ठेवली. काळी पाच.

नाही जमलं. पाळकसाहेब जरा वर होते. ती लगेच पांढरी सातवर गेली. पाळकसाहेब जरा खाली होते. ती परत काळी पाचवर आली. तिथे ते नव्हतेच. हार्मोनियमवर हात ठेवलेल्या कुणालाही माहीत आहे की काळी पाच आणि पांढरी सात या दोन शेजारणी आहेत, त्यांच्यामधून सुरी जाणार नाही. आमचे पाळकसाहेब बरोबर त्या फटीत उभे होते आणि तिथून हलायला तयार नव्हते.

सिस्टर व्हर्नेल अशी तशी बाई नाही. गाणारा शिंकला तरी ती त्या शिंकेचा सूर सांगते. तिने काळी चार पाहिली, पांढरी एक पाहिली, शेवटी दोन्ही शेजारणींवर एकदम हात ठेवला. त्यातून जो आवाज निघाला त्याने पहिल्या रांगेतलं तान्हं मूल उठलं. पाळकसाहेब थांबले नाहीत. नाव हेलकावत होती, वारा वाढला होता, पण ते भुवया उंचावून ऑर्गनकडे पाहत होते. व्हर्नेल भुवया उंचावून त्यांच्याकडे पाहत होती. इकडे यजमानांच्या कारभाऱ्यांची अशी समजूत झाली की त्यांचा नवा ऑर्गन बिघडला. एक जण धावत जाऊन मागची वायर हलवू लागला. दुसरा गुडघ्यांवर बसून स्पीकरच्या मागे शिरला, त्याचे फक्त बूट बाहेर राहिले. तिसऱ्याने त्या दोघांना काही कळत नाही असं म्हणून प्लगच काढला.

ऑर्गन मेला. नाव समुद्राच्या मध्यावर होती.

पाळकसाहेबांनी ती एकट्याने किनाऱ्याला लावली. नुसता आवाज आणि लोकांच्या पायांचा ठेका. लोकांनी साथ दिली, नाही असं नाही, पण रोज काट्यासुरीने जेवणाऱ्याने एका हाताने जेवावं तसं ते दिसत होतं. मी नेहमीप्रमाणे रडलो. मात्र या वेळी कशामुळे ते मला सांगता आलं नसतं.

उपासना संपल्यावर रेव्हरंड गिल्यार्डनी शिष्याचा हात हातात घेतला. "थॅडियस, हा सूर कुठून आणलास?"

"माहीत नाही, साहेब. येताना वाटेत आला."

"वाटेतच सोडून यायचा होतास," म्हातारा म्हणाला. मग जरा वेळाने, "सुगीच्या उपासनेला परत ये. तोवर तुझं आणि ऑर्गनचं भांडण मिटव."

परतताना सिस्टर व्हर्नेल बसमध्ये बसायला तयार होईना. "मला साहेबांशी बोलायचंय," असं म्हणून ती हॅटसकट माझ्या मागच्या सीटवर शिरली. शहर संपेपर्यंत दोघं भांडली.

"साहेब, चोवीस वर्षं मी तुमच्या मागे वाजवतेय. मला असं भर सभेत कधी उघडं पाडलं नव्हतंत."

"मी पाडलं? सिस्टर, तुमचा ऑर्गनच सूर सोडून होता."

"ऑर्गनला घशाची सर्दी होत नाही, साहेब."

तेवढ्यात मी हमरस्त्याला लागलो. काटा सत्तरवर. चार-दहाने तोंड उघडलं, आणि आरशात मला दिसलं की व्हर्नेलचा चेहरा हळूहळू बदलतोय. तिने पर्स उघडली, सूर लावायची छोटी शिट्टी काढली. फुंकली. ऐकलं. पुन्हा फुंकली. पाळकसाहेब सवयीने गाडीबरोबर गुणगुणायला लागले होते.

"गाडी थांबवा," ती म्हणाली.

"इथे थांबता येत नाही सिस्टर, हमरस्ता—"

"डीकन बीझली. गाडी. थांबवा."

मी कडेला घेतली. ती माझ्या सीटवर वाकली आणि अत्यंत हळू आवाजात म्हणाली, "हा हलकट सूर तुमच्या गाडीचा आहे."

तिथून पुढे फ्लिंटपर्यंत कुणी बोललं नाही. बोललं असतं तरी ऐकू आलं नसतं.

मंगळवारी तळघरात सभा भरली. सिस्टर व्हर्नेलने उभं राहून सांगितलं की या मंडळीत एक तर डीकन बीझलींची गाडी राहील किंवा ती राहील. हॅस्किन म्हणाले, अशा दुःखाच्या घडीला आपली व्हॅन पाळकसाहेबांच्या सेवेला हजर आहे, आणि इतक्या नम्रपणे म्हणाले की त्यांना खुर्ची फेकून मारावीशी वाटली.

मी उठलो. मान खाली घातली. म्हटलं, "माझी चूक झाली. मी उद्याच्या उद्या दोन-त्र्याहत्तर परत बसवतो. गाडी पूर्वीसारखी शांत होईल." हे बोलताना माझ्या डोळ्यांसमोर तेच चित्र होतं, शेजारच्या सीटवर पाळकसाहेब, हलकं गुणगुणणं, आणि तो उपदेश जगाच्या आधी माझ्या कानात.

"नको," पाळकसाहेब म्हणाले.

सगळे त्यांच्याकडे वळले.

"खरं सांगू का," ते म्हणाले, "आजवर माझा आवाज वाटेत भटकायचा. काळजीने वर चढायचा, घसा सुकायचा. त्या दिवशी तासभर कुणीतरी सूर धरून ठेवल्यासारखं वाटलं. घसा असा मोकळा होता की काय सांगू. मला ती घरघर हवी आहे. फक्त ती योग्य सुरात हवी."

मग अ‍ॅक्सलच्या कारखान्यातून निवृत्त झालेली ती सगळी टेबलं एकदम जागी झाली. आयुष्यात प्रथमच देवाने त्यांना त्यांच्या विद्येचं काम सांगितलं होतं. टायरची उंची, सिलिंडरची संख्या, सत्तरचा वेग. तीन-आठवाले आणि तीन-त्र्याहत्तरवाले एका कागदावर वाकले, मीठ पुन्हा इकडून तिकडे जाऊ लागलं.

"मला काळी पाच हवी," व्हर्नेल म्हणाली.

"काळी पाचला चार आणि वर एक चिमूट लागतो सिस्टर. असा गिअर कुणी काढत नाही."

"मग कुठला काढतात?"

"चार-तीस आहे. तो पांढरी सातला येतो."

"पांढरी सातमध्ये किती काळ्या पट्ट्या लागतात माहीत आहे का तुम्हाला?"

"आम्हाला दाते माहीत आहेत, सिस्टर."

शेवटी मतदान झालं. उंच आवाजाच्या बायकांच्या सोप्रानो गटाने पांढरी सातला पाठिंबा दिला. पुरुष खर्जवाल्यांनी विरोध केला, त्यांना वर पोचत नाही म्हणून. ओडेसाने दोन्ही हात वर केले. चार-तीस बहुमताने मंजूर. म्हणजे जो माणूस म्हणत होता की मागच्या अ‍ॅक्सलमध्ये कुठला गिअर घालावा हे मला कुणी शिकवू नये, त्याच्या मागच्या अ‍ॅक्सलचा गिअर चर्चच्या गायनमंडळाने हात वर करून ठरवला. आणि तो चार-दहाहूनही मोठा. हॅस्किननी अनुमोदन दिलं.

मी चार-तीस बसवला. तो कसा वाजतो ते विचारू नका. चार-दहा पोळं असेल तर हे पोळ्यावर दगड मारल्यानंतरचं. आता पाळकसाहेबांचे ओठसुद्धा नीट दिसत नव्हते, सगळी गाडी इतकी थरथरत होती.

सुगीच्या उपासनेला आम्ही पुन्हा डेट्रॉइटला गेलो. या वेळी पाळकीणबाईंनी माझ्या मागच्या सीटवर बसायचं ठरवलं. त्या मितभाषी बाई. कापूस कानात घालून शांत बसल्या. सत्तरवर काटा, पांढरी सात अखंड, पाळकसाहेब डोळे मिटून तिच्यावर गुणगुणताहेत. मला उपदेशातलं एक अक्षर कळलं नाही.

पण चर्चमध्ये काय झालं म्हणून सांगू. पहिला हेल आला आणि व्हर्नेलने न पाहता बोट ठेवलं, बरोबर त्यावर. जणू दोघांना एकाच आईने पाजलं होतं. ते चढले, ती चढली. ते थांबले, ती थांबली नाही, आणि त्या एका सुरावर सबंध सभा उभी राहिली. मी दोन्ही रुमाल भिजवले आणि शेजाऱ्याची बाही घेतली. समोर रेव्हरंड गिल्यार्डनी डोळे उघडले, काठी बाजूला ठेवली, दोन्ही हातांनी खुर्ची धरून उठून उभे राहिले, आणि उपदेश संपल्यावर म्हणाले, "हं."

पाळकसाहेब त्या एका "हं"वर परतीच्या वाटेत लहान मुलासारखे रडले. मीही रडलो. छाती फुगली होती. म्हटलं, मंडळींनी काय वाट्टेल ते म्हणावं, पण यात मागच्या अ‍ॅक्सलचा वाटा आहे आणि अ‍ॅक्सल कुणाचा आहे ते सर्वांना माहीत आहे.

वाटेत पुढे एक बीटांनी भरलेला ट्रक आला. मी पाय थोडा उचलला. ट्रक गेला, मी पुन्हा सत्तरवर आलो. मागून पाळकीणबाईंनी कानातला कापूस काढला आणि माझ्या खांद्यावर बोटाने टकटक करून तोंड कानाशी आणलं.

"डीकन, एक विचारू? मला गाडीतलं काही कळत नाही."

"विचारा ना, पाळकीणबाई." आज मी जगाला शिकवायच्या मनःस्थितीत होतो.

"आत्ता त्या ट्रकमागे तुम्ही गाडी जरा हळू केलीत, तेव्हा आवाज खाली उतरला. पार पांढरी सातवरून काळी पाचवर आला, व्हर्नेलला हवा होता तिथे."

"हो. बरोबर. वेग कमी झाला की आवाज उतरतो."

"मग त्या दिवशी चार-दहाच्याच गिअरवर थोडी हळू चालवली असती, तर?"

मी आरशात पाहिलं नाही. पाळकसाहेबही खिडकीबाहेर काहीतरी फार बारकाईने पाहू लागले. मला ते भरलेलं तळघर दिसलं, एका कागदावर वाकलेले सगळे निवृत्त अ‍ॅक्सलवाले, हात वर केलेल्या सोप्रानो. काहीतरी उत्तर देणं भाग होतं. हयातभराचं ज्ञान एकवटून मी घसा साफ केला.

"पाळकीणबाई," मी ओरडून म्हणालो, "हळूच चालवायची, तर मग मोठा गिअर घालायचा कशाला?"

त्यांनी शांतपणे विचार केला.

"तेच तर विचारतेय मी," असं म्हणून त्यांनी कापूस परत कानात घातला.